वाय-फाय जोडलेलं, इंटरनेट नाही: नागपूरच्या लॉजवर दर महिन्याला रुसणारा लॅपटॉप

आधी लक्षण सांगते, म्हणजे तुमचं दुखणं तेच आहे का ते लगेच कळेल. लॅपटॉप घरी किंवा ऑफिसात बिनतक्रार चालतो. परगावी गेलं की वाय-फायचं नाव दिसतं, पासवर्ड घेतला जातो, 'कनेक्टेड' असंही लिहून येतं आणि त्याला चिकटून 'नो इंटरनेट'. खाली कोपऱ्यात वाय-फायच्या पंख्याऐवजी पृथ्वीचा गोळा. त्याच खोलीत, त्याच वाय-फायवर तुमचा फोन मात्र झकास चालतो.

वाय-फायचं नावच दिसत नसेल, किंवा ओटीपी मागणारं पान उघडत नसेल, तर तो आजार वेगळा. त्याबद्दल शेवटाकडे लिहिलं आहे, सरळ तिकडे जा.

मी यवतमाळला हिशेबाचं आणि जीएसटीचं काम करते. आईच्या तपासणीसाठी महिन्यातून एकदा नागपूरला यावं लागतं, आणि डॉक्टरांची तारीख नेमकी १८ ते २० च्या मध्ये पडते. या धंद्यातल्यांना सांगायला नको, २० तारीख म्हणजे ३बी, जीएसटीचं दर महिन्याचं रिटर्न. चुकली तर दिवसाला ५० रुपये, आणि कर बाकी असेल तर वर्षाला १८ टक्क्यांच्या हिशेबानं व्याज वेगळं. म्हणून आईला झोपवायचं आणि धंतोलीतल्या लॉजच्या खोलीत रात्री रिटर्न भरत बसायचं, असा माझा क्रम. धंतोलीत दवाखाने इतके की लॉजच्या निम्म्या खोल्यांत कुणाचं ना कुणाचं पथ्याचं जेवण झाकून ठेवलेलं असतं.

मागच्या वर्षी मार्चपर्यंत हे सुरळीत होतं. सुरळीत म्हणजे, कधीमधी स्क्रीनवर 'आयपी ॲड्रेस कॉन्फ्लिक्ट' असा काहीतरी निरोप यायचा, मी वाय-फाय बंद-चालू करायची, जमून जायचं. त्या निरोपाकडे तेव्हाच नीट पाहिलं असतं तर पुढचे दोन महिने वाचले असते.

एप्रिलमध्ये एकदम बंद. खाली जाऊन मॅनेजरला विचारलं.

"ताई, सगळ्यांचं चालून राहिलं, तुमचंच काहून नाही चालून राहिलं? आता तर नवीन फायबर घेतलं आपण. पहिल्यापेक्षा डबल स्पीड आहे."

मी वर आले. नेटवर्क 'फरगेट' केलं, पुन्हा जोडलं. लॅपटॉप रीस्टार्ट केला. फोनचा हॉटस्पॉट लावला, त्यावरही तेच: कनेक्टेड, नो इंटरनेट. दोन वेगळ्या वाय-फायवर एकच रड, म्हणजे लॅपटॉपचंच काहीतरी गेलं, असा निष्कर्ष मी काढला. निष्कर्ष अर्धा बरोबर होता. त्या रात्री रिटर्न मोबाइलवर भरलं. सहा इंचांच्या पडद्यावर ३बीचे रकाने भरणं म्हणजे काय, ते ज्यानं केलं त्यालाच ठाऊक.

यवतमाळला परतल्यावर दुरुस्तीवाल्यानं लॅपटॉप उलटापालटा करून पाहिला आणि "वाय-फायचं कार्ड वीक झालंय" म्हणाला. यूएसबीला लावायचा छोटा वाय-फाय डोंगल दिला, ८०० रुपये. त्याच्या दुकानात डोंगल लावला आणि पहिल्या झटक्यात इंटरनेट सुरू. आता एवढा पुरावा समोर असल्यावर कोण शंका घेईल? कार्ड खराब, डोंगल चांगला, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात नेटवर्कचं बघणारे भाऊ आले, त्यांनी तो डोंगल "बसवून दिला". हे दोन शब्द लक्षात ठेवा.

मे महिन्याची १९ तारीख, तेच लॉज, तीच खोली. डोंगल लावला. कनेक्टेड, नो इंटरनेट.

माझा भाचा मनीषनगरला राहतो, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आजीला भेटायला आला होता. त्यानं लॅपटॉपला हातसुद्धा न लावता विचारलं, "मावशी, केबलनं चालतं का?" फोनची चार्जिंगची केबल लॅपटॉपला जोडली, फोनमध्ये हॉटस्पॉटच्याच पानावर 'यूएसबी टेदरिंग' असतं ते सुरू केलं. पाच सेकंदांत इंटरनेट आलं. जीएसटीचं पोर्टल उघडलं, लॉगिन झालं. तोच फोन, तेच सिम, तोच लॅपटॉप. हवेतून नाही, तारेतून मात्र चालतं.

"मग कार्डच खराब ना?" मी म्हटलं.

"दोन-दोन कार्डं सारखीच खराब होतात का मावशी?" म्हणत त्यानं काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडली, 'आयपीकॉन्फिग' टाइप केलं, एंटर मारलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. आयपीव्ही४ ॲड्रेस, १९२.१६८.१.२६. त्याच्या खाली डिफॉल्ट गेटवे, १९२.१६८.१.१. मग त्यानं आपला फोन काढला, लॉजच्या वाय-फायच्या तपशिलात गेला आणि मला दाखवलं. त्याच्या फोनला मिळालेला पत्ता १९२.१६८.२९ नं सुरू होत होता.

"हा आयपी कोणी टाकला?"

दुखणं ते हे.

वाय-फायला जोडलं जाणं आणि त्या नेटवर्कवर पत्ता मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पासवर्ड बरोबर असला की पहिली होते. दुसरीत राउटर प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता (आयपी ॲड्रेस) देतो आणि बाहेर जायचं दार (डिफॉल्ट गेटवे) कोणतं तेही सांगतो. हे आपोआप होतं, त्याला डीएचसीपी म्हणतात. पण आमच्या ऑफिसात टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, एका मुख्य मशीनवर आहे आणि बाकीचे सगळे तिला जोडलेले. काही इकडंतिकडं होऊ नये म्हणून नेटवर्कवाल्या भाऊंनी झाडून सगळ्या मशीनना हातानं कायमचे पत्ते देऊन ठेवले होते. माझ्या लॅपटॉपच्या आतल्या कार्डाला २५, आणि नवा डोंगल आल्यावर त्यालाही प्रेमानं २६.

विंडोजमध्ये असा हातानं टाकलेला पत्ता त्या कार्डाला चिकटतो, ऑफिसच्या वाय-फायला नाही. तो तुमच्यासोबत एसटीत बसून नागपूरला येतो. मग लॉजवर लॅपटॉप म्हणत राहतो, मी १९२.१६८.१.२६, माझं दार १९२.१६८.१.१. तसं दार तिथं नसतंच. धंतोलीत उभं राहून रिक्षावाल्याला यवतमाळच्या आपल्या गल्लीतलं वळण सांगावं, तसा प्रकार.

मग मार्चपर्यंत चाललं कसं? लॉजचा जुना राउटरही योगायोगानं १९२.१६८.१ याच मालिकेतला होता, दार तेच. कितीतरी राउटर कंपनीतून त्याच आकड्यांवर येतात. म्हणून माझा यवतमाळचा पत्ता तिथं खपून जायचा. आणि कधी राउटरनं २५ हा आकडा दुसऱ्या खोलीतल्या फोनला आधीच दिलेला असला की तो 'कॉन्फ्लिक्ट'चा निरोप. नवं फायबर आलं, नवा राउटर आला, मालिका बदलली आणि माझं नशीब संपलं. मॅनेजरच्या डबल स्पीडनंच मला थांबवलं होतं. हॉटस्पॉटवरही तेच, कारण अँड्रॉइड फोन बरीच वर्षं १९२.१६८.४३ ही मालिका द्यायचे, नवे फोन वेगवेगळ्या देतात, आयफोन १७२.२०.१० देतो. यातली एकही माझ्या ऑफिसाशी जुळत नाही.

केबलनं चाललं, कारण टेदरिंग सुरू केलं की विंडोजला ते तिसरंच नवं कार्ड दिसतं आणि त्याच्या सेटिंगला कुणी हात लावलेला नसतो. दुकानात नवाकोरा डोंगल चालला तोही त्याचमुळे. नवीन होता म्हणून नाही, अजून "बसवलेला" नव्हता म्हणून.

दुरुस्ती

दोन मिनिटांचं काम आहे. कीबोर्डवर विंडोजची खूण असलेलं बटण आणि आर एकत्र दाबा, चौकट उघडेल. तिच्यात एनसीपीए डॉट सीपीएल (अर्थात इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता) लिहून एंटर. लॅपटॉपमधली सगळी नेटवर्क कार्डं दिसतील. वाय-फायवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज. यादीत 'इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४' शोधा, त्यावर दोनदा क्लिक. वरच्या भागात आकडे भरलेले दिसले तर आधी फोननं त्याचा फोटो काढून ठेवा, ऑफिसात कुणी विचारलं तर दाखवायला. मग वर 'ऑब्टेन ॲन आयपी ॲड्रेस ऑटोमॅटिकली' आणि खाली डीएनएससाठी (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी सोय) तसंच 'ऑटोमॅटिकली' निवडा. ओके, पुन्हा ओके. वाय-फाय एकदा बंद करून चालू करा.

फक्त वरचं बदललं आणि खालचे डीएनएसचे आकडे राहू दिले तर काम अर्धवट होतं. घरी कुणीतरी "स्पीड वाढते" म्हणून तिथं ८.८.८.८ टाकून दिलेलं असतं. घरी त्यानं काही बिघडत नाही. पण ओटीपी मागणाऱ्या हॉटेलच्या वाय-फायवर लॉगिन होईपर्यंत बाहेरचा डीएनएस बरेचदा अडवलेला असतो, मग लॉगिनचं पानच येत नाही. तेही ऑटोमॅटिक करून टाका.

ऑफिसचा लॅपटॉप असेल आणि ॲडमिनचा पासवर्ड मागत असेल तर मात्र तिथल्या तिथं इलाज नाही. त्या रात्रीपुरतं केबल टेदरिंग करा आणि परत गेल्यावर भांडा. केबल डेटा नेणारी हवी. पंख्याबरोबर, ट्रिमरबरोबर येणाऱ्या काही केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांनी फोन चार्ज होतो आणि टेदरिंगचा पर्याय फिकटच राहतो. शिवाय हे विंडोजपुरतं. मॅकबुकला अँड्रॉइड फोन केबलनं असा सहज जोडला जात नाही, आयफोन जातो.

'ऑटोमॅटिक' केल्यावर पत्ता १६९.२५४ नं सुरू होताना दिसला, तर दोष तुमच्या बाजूला शोधत बसू नका. त्याचा अर्थ लॅपटॉपनं पत्ता मागितला आणि कुणी दिलाच नाही. राउटर बंद-चालू करायला सांगा. इथं मॅनेजर कितीही "सगळ्यांचं चालून राहिलं" म्हणाला तरी ऐकू नका: ज्यांना आधीच पत्ता मिळालाय त्यांचं चालतच राहतं, अडतं ते नव्यानं येणाऱ्याचं.

वेगळे आजार, थोडक्यात

ओटीपीचं पान न येणं. मोठ्या हॉटेलांत, कॅफेत, स्टेशनवर हे होतं. तिथलं यंत्र तुमची पहिली मागणी मध्येच पकडून आपल्या लॉगिनच्या पानाकडे वळवतं. पण हल्ली जवळजवळ सगळ्या साइट कुलूपबंद असतात, म्हणजे एचटीटीपीएस, त्यामुळे वळवायला गेलं की ब्राउझर धोक्याची पाटी दाखवतो आणि थांबतो. उपाय म्हणजे कुलूप नसलेली साइट मुद्दाम उघडायची. नेव्हरएसएसएल डॉट कॉम ही त्यासाठीच चालवतात. पुढे एचटीटीपी लिहून, एस न लावता उघडा. नाहीच जमलं तर आयपीकॉन्फिगमधला डिफॉल्ट गेटवेचा आकडा ब्राउझरच्या पट्टीत टाकून बघा. ऑफिसचं व्हीपीएन आपोआप सुरू होत असेल तर लॉगिन होईपर्यंत ते बंद ठेवा, प्रॉक्सी टाकलेला असेल तर तोही काढा.

एका नंबरवर एक किंवा दोनच यंत्रं, असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो. खोलीत शिरल्याबरोबर सवयीनं फोन जोडला की लॅपटॉपची जागा गेली. आणि विंडोजमध्ये 'रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस' चालू असेल तर लॅपटॉपची ओळख सांगणारा आकडा बदलत राहतो आणि तुमचा एकच लॅपटॉप हॉटेलच्या लॉगिनच्या यंत्राला दुसऱ्या दिवशी नवा पाहुणा वाटू शकतो. त्या नेटवर्कपुरतं ते बंद करा.

नागपूर स्टेशनवर रेलटेलचं रेलवायर हे वाय-फाय आहे. मोबाइल नंबर टाका, ओटीपी घ्या, दिवसातली पहिली ३० मिनिटं फुकट. आकडे आधी तयार ठेवले तर एक रिटर्न त्यात आरामात बसतं. मी एकदा गाडीची वाट पाहणाऱ्या मैत्रिणीला सोडायला गेले असताना तेच केलं, तिला राग आला तो अजून आहे.

हॉटस्पॉटचं नावच न दिसणं. फोन नवा आणि लॅपटॉप जुना असेल तर हे हमखास. नवा फोन ५ गिगाहर्ट्झवर हॉटस्पॉट चालवतो, जुन्या लॅपटॉपला फक्त २.४ कळतं. फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये बँड २.४ करा, आयफोनमध्ये 'मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी' चालू करा. तरी नाही दिसलं तर सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए३ असेल तो डब्ल्यूपीए२ करून पाहा. आणखी एक, हॉटस्पॉट लावून तुम्ही लॅपटॉप चालू व्हायची वाट पाहत चहा घेतला तर तोवर फोननं तो स्वतःच बंद केलेला असू शकतो. काही मिनिटं कुणी जोडलं नाही की बंद, अशी सोय असते.

सगळ्याच साइट 'सुरक्षित नाही' म्हणत असतील तर आधी घड्याळ पाहा. जुन्या लॅपटॉपची बॅटरी पूर्ण उतरली की तारीख कुठल्या कुठं जाते, आणि चुकीच्या तारखेला साइटची सुरक्षेची प्रमाणपत्रं खोटी ठरतात. यात नेटवर्कचा काही दोष नाही.

आणि नागपूरचा उन्हाळा

हे कुठल्या मदतीच्या पानावर मिळणार नाही म्हणून लिहिते. मे महिन्यात नागपुरात लॉजच्या खोलीला एकच मोठी खिडकी असते आणि ती कूलरनं भरलेली असते. बाहेर पत्र्याचा डबा, आत ओली जाळी. फोनला सिग्नल चांगला मिळावा म्हणून आपण त्याला खिडकीत ठेवतो, पण बाहेरच्या बाजूनं पत्राच पत्रा. माझ्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर दोन दांड्या येत होत्या आणि न्हाणीघराच्या झरोक्याखाली चार. मग फोन झरोक्यात, हॉटस्पॉट चालू, लॅपटॉप खाटेवर. आई म्हणाली, "फोनले आंघोळ घालून राहिली का?"

दुपारी तोच फोन बाल्कनीत ठेवू नका. ॲपल आपल्या फोनसाठी ० ते ३५ अंशांचं हवामान सांगते, आणि इथं मेच्या दुपारी सावलीतच ४५ च्या आसपास असतं. हॉटस्पॉट फोनला आतून तापवतो, चार्जिंग वरून तापवतं, ऊन बाहेरून. फोन आधी वेग कमी करतो, चार्जिंग थांबवतो, शेवटी हॉटस्पॉट टाकून देतो. कव्हर काढा, चार्जरवरून काढा, पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. कूलरच्या अगदी तोंडाशी नको, तिथं तुषार उडतात. फ्रिजमध्ये तर मुळीच नको. भाच्याच्या मित्रानं ते केलं आणि आत जमलेल्या दमटपणानं फोनच गेला.

हॉटस्पॉट सुरू केल्या केल्या विंडोजच्या सेटिंग्जमध्ये जाऊन त्या वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू करायचं. नाहीतर विंडोज आपले अपडेट त्याच रात्री उतरवायला घेतं, दिवसाचा २ जीबी डेटा तासाभरात संपतो आणि उरलेली रात्र ६४ केबीपीएसवर काढावी लागते. त्या वेगात पोर्टलचं लॉगिनचं पान उघडेपर्यंत सेशन संपलेलं असतं. रात्री १२ नंतर नवा डेटा मिळतो खरा, पण तोवर २० तारखेची २१ झालेली असते.

ऑफिसात परत आल्यावर

माझी भीती ही होती की ऑटोमॅटिक केल्यावर टॅली चालणार नाही. चाललं. कायमचा पत्ता लागतो तो ज्याच्याकडे सगळे जातात त्याला: टॅलीची मुख्य मशीन, प्रिंटर. जो जातो त्याला कशाला हवा? दुकानाचा पत्ता गिऱ्हाइकाला माहीत असला की भागतं, गिऱ्हाईक कुठं राहतं त्यावर दुकान चालत नाही. एखाद्या लॅपटॉपला कायमचा पत्ता द्यायचाच असेल तर तो राउटरमध्ये, त्या लॅपटॉपच्या हार्डवेअर ॲड्रेससमोर राखून ठेवता येतो. लॅपटॉप स्वतः ऑटोमॅटिकच राहतो. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधून एकाच वाय-फायपुरता पत्ता टाकायचीही सोय आहे.

नेटवर्कवाल्या भाऊंना हे सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, दहा वर्षांपासून सगळीकडे असंच देतो, कोणाची तक्रार नाही." ऑफिसात पाच मशीन आहेत, त्यातल्या चार जागच्या हलत नाहीत. त्यांची तक्रार येणार कुठून?

डोंगल मी भाच्याला देऊन टाकला. त्याच्या जुन्या डेस्कटॉपला लावलाय. आधी त्यातले आकडे पुसले, मग लावला.